इब्लीस, शैतान आणि इंग्रजीतला डेव्हिल

गासला आम्ही ज्या आळीत राहतो तिथे बहुतेक घरे ख्रिस्ती शेजाऱ्यांची आहेत. ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा जातो आणि नाताळात त्यांच्याकडचे ताट येते. गेल्या वर्षी शेजारच्या घरी नातवाचा बाप्तिस्मा होता. आग्रहाचे बोलावणे आले म्हणून शेजारधर्म पाळायला आम्ही गेलो आणि चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. सोबत आमचा भाचा होता. तो इंग्रजी माध्यमात सहावीला आहे आणि सुट्टीला आमच्याकडे आला होता.

बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या आईबापांना आणि धर्ममातापित्यांना काही प्रश्न विचारतात. सैतानाचा त्याग करता का, हा त्यांतला एक. ती मंडळी मोठ्याने होकार देतात. हे ऐकून आमच्या भाच्याने कोपराने आम्हांला ढोसले. बाहेर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न असा: "मामू, त्यांची पण अऊजुबिल्लाह असते का?"

आम्हांला हसू आले, पण प्रश्न खोटा नव्हता. कुरआन उघडताना आपण शैतानापासून अल्लाहचा आश्रय मागतो आणि शेजारी त्याच नावाच्या शत्रूला पाठ दाखवण्याची शपथ घेतात. शब्दही तोच. मराठी बायबलमध्ये सैतान आहे, आपल्या घरात शैतान आहे. 'श'चा 'स' झाला एवढाच काय तो फरक.

खरा पेच घरी आल्यावर सुरू झाला. दीनियातच्या वर्गासाठी भाच्याला हजरत आदम (अलै.) यांच्याविषयी इंग्रजीतून दहा ओळी लिहायच्या होत्या. त्याने वही दाखवली. इब्लीसच्या जागी सगळीकडे 'डेव्हिल' लिहिले होते आणि शेजारी चित्र काढले होते: लाल अंग, दोन शिंगे, बाणाच्या टोकाची शेपटी, हातात त्रिशूळासारखा काटा. खाली ज्वाळा. "हा कोण?" आम्ही विचारले. "इब्लीस. जहन्नमचा राजा," तो म्हणाला.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, इंग्रजी आमचा विषय नव्हे. तरी त्या चित्राने आम्हांला शब्दकोश उघडायला लावला. कारण त्या एका इंग्रजी शब्दाबरोबर पोराच्या डोक्यात एक अख्खी वेगळी गोष्ट शिरली होती आणि ती आपली नव्हती.

आधी राजेपणाचेच बघू. कुरआनात जहन्नमच्या पहारेकऱ्याचे नाव मालिक आहे आणि तो फरिश्ता आहे. तिथल्या पहारेकऱ्यांची संख्या १९ सांगितली आहे. इब्लीस तिथला राजा नाही, तो तिथे जाणारा कैदी आहे. शिंगे, शेपूट, काटा यांतले काहीही कुरआनात नाही. ते युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतके रंगवले, तिथून ते नाटकात, तिथून छापील पुस्तकात आणि आता पोरांच्या कार्टूनमध्ये आले. जाता जाता आणखी एक. बागेतला साप आणि सफरचंदही कुरआनात नाही. आदमला हव्वाने फूस लावली असेही नाही. कुरआन दोघांचे पाऊल घसरल्याचे सांगतो, आणि सूरह ताहामध्ये तर शैतान थेट आदमच्याच कानाशी लागतो. आमच्या वाचक भगिनींनी हे लक्षात ठेवावे. उद्या कोणी पुरुष घरातल्या भांडणात हव्वाचे उदाहरण देऊ लागला, तर उपयोगी पडेल.

आता शब्दांकडे येऊ. इंग्रजीतला 'डेव्हिल' मूळचा ग्रीक 'डायाबोलोस', म्हणजे चहाडी करणारा, खोटा आळ घेणारा. तो लॅटिनमधून फिरत जुन्या इंग्रजीत आला. 'सेटन' मात्र हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ विरोधक, आरोप ठेवणारा. अरबी शैतान आणि हिब्रू सातान ही एकाच भाषाकुळातली भावंडे. अरबी भाषापंडितांनी शैतानचे मूळ 'दूर होणे' या अर्थाच्या धातूत दाखवले आहे, काहींनी 'जळणे' या अर्थाच्या. तेव्हा भाच्याच्या वहीपुरते उत्तर सोपे होते: शैतान म्हणजे सेटन.

पण इब्लीस? त्याची गंमत निराळी आहे. काही पाश्चात्त्य अभ्यासक म्हणतात की 'इब्लीस' हा 'डायाबोलोस'चाच अरबी अवतार असावा. तसे असेल तर इब्लीस आणि डेव्हिल हे दूरचे मावसभाऊ ठरतात. आपले जुने भाषापंडित मात्र हा शब्द 'ब-ल-स' या धातूपासून आलेला मानतात. त्या धातूचा अर्थ आहे निराश होणे, आशा तुटणे. हे ओढूनताणून जुळवलेले नाही. सूरह रूममध्ये कियामतच्या दिवशी गुन्हेगारांची आशा संपेल असे जे सांगितले आहे, तिथे याच धातूचे क्रियापद आहे. म्हणजे इब्लीस कोण, तर ज्याची अल्लाहच्या कृपेवरची आशा तुटली तो. भाषाशास्त्रज्ञांचा वाद त्यांनी मिटवावा. आम्हांला मात्र हा दुसरा अर्थ त्या रात्री झोपू देईना. त्याचे कारण पुढे सांगतो.

कुरआनात 'इब्लीस' हे नाव ११ वेळा येते. 'शैतान' हा शब्द, त्याचे अनेकवचन 'शयातीन' धरून, ८८ वेळा येतो. आणि दोन्ही शब्द वाटेल तिथे, एकाऐवजी दुसरा असे येत नाहीत. सूरह बकरा उघडून बघा. सजदा करायला नकार देतो तो इब्लीस. पुढे दोनच आयतींनंतर आदम आणि त्यांच्या पत्नीला घसरवतो तो शैतान. सूरह आराफमध्ये तसेच, सूरह ताहामध्येही तसेच. स्वतः बिघडला तेव्हा त्याचे नाव घेतले, दुसऱ्याला बिघडवू लागला तेव्हा त्याचे काम सांगितले. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर इब्लीस हे विशेषनाम आणि शैतान हे बहुतेक ठिकाणी सामान्यनाम. सूरह अनआममध्ये तर जिन्नांतले शैतान आणि माणसांतले शैतान अशी दोन्हींची नोंद आहे. अगदी शेवटच्या सूरहमध्येही कुजबुज करणारे जिन्नांत असतात तसे माणसांत असतात असेच सांगितले आहे. शैतान व्हायला शिंगे लागत नाहीत.

गंमत अशी की हा फरक आम्हांला इंग्रजीमुळे नीट दिसला. अरबीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, आपल्या देवनागरीतही नाहीत. इंग्रजी मात्र विचारते, पहिले अक्षर मोठे काढू की लहान? तुम्ही कुणा एकाविषयी बोलता आहात की एका जातीविषयी? भाच्याने पेन्सिल हातात धरून नेमका हाच प्रश्न विचारला होता.

कुरआनाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांनाही तो पडला असणार. जॉर्ज सेल यांनी १७३४ मध्ये थेट अरबीवरून इंग्रजी भाषांतर केले. त्यांनी नाव बदलले नाही, 'एब्लिस' असे ठेवले. नंतरचे दोघे तर आपल्या अगदी जवळचे. मार्माड्यूक पिक्थॉल हे इंग्रज नवमुस्लिम १९२० ते १९२४ मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. पुढे ते हैदराबादेत एका शाळेचे मुख्याध्यापक झाले, म्हणजे आमच्याच व्यवसायातले. त्यांचे भाषांतर १९३० साली आले. अब्दुल्लाह यूसुफ अली मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले. त्यांचे भाषांतर १९३४ पासून लाहोरहून निघू लागले. या दोघांनीही इब्लीसला 'इब्लीस'च म्हटले, आणि शैतान आला तिथे बहुधा 'सेटन'. यूसुफ अलींनी तळटीपेत दोन शब्दांमधला भेदही सांगितला आहे: एकाच्या मुळाशी निराशा आणि बंड, दुसऱ्याच्या मुळाशी वैर. 'डेव्हिल' किंवा त्यासारखा शब्द त्यांनी वापरला तो बहुधा लहान अक्षराने. इतक्या मोठ्या माणसांनी जे नाव भाषांतराच्या बाहेर ठेवले, ते सहावीच्या वहीत का बदलावे?

'लुसिफर' असाही एक शब्द इंग्रजीत आहे. तो लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ प्रकाश आणणारा, पहाटेचा तारा. त्यामागे पतन पावलेल्या देवदूताची ख्रिस्ती परंपरा आहे. आपल्याकडे फरिश्ते नूरपासून, जिन्न आगीपासून आणि आदम मातीपासून निर्माण झाल्याची हदीस आहे. सूरह कहफ स्पष्टच म्हणते की इब्लीस जिन्नांपैकी होता. तेव्हा 'पडलेला फरिश्ता' हे वर्णन आपल्या मुलांना इंग्रजी पुस्तकातून मिळाले तर तिथेही थांबून सांगावे लागते. काही मुफस्सिरांनी तो आधी फरिश्त्यांत गणला जात होता असे लिहिले आहे, अजाजील हे त्याचे आधीचे नाव असल्याचीही कथा आहे. ती मोठ्यांसाठीची चर्चा आहे, सहावीसाठी नव्हे.

शब्द प्रवासात कसे बदलतात याचे उदाहरण आपल्या शेजारी गोव्यातच आहे. गोव्यातल्या हिंदू घरांत 'देवचार' म्हणजे गावाची सीमा राखणारा, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा राखणदार. तिथल्याच ख्रिस्ती घरांत कोकणीत 'देवचार' म्हणजे सैतान. गाव तेच, शब्द तोच; धर्म बदलला आणि राखणदाराचा शत्रू झाला. ग्रीकांच्या 'डायमोन'चेही तेच झाले. तो एकेकाळी बरावाईट कसाही असू शकणारा अदृश्य जीव होता, इंग्रजीत येईपर्यंत 'डीमन' म्हणजे निव्वळ दुष्ट ठरला. आणि आपले अरबी शब्द मराठीत आले त्यांचे काय झाले? 'खबीस' म्हणजे घाणेरडा, अपवित्र. बैतुलखलात जाताना जी दुआ आपण पढतो तिच्यात याच शब्दाची भावंडे आहेत. कोकणात त्याचा 'खवीस' झाला आणि तो पिंपळावर जाऊन बसला. आजही रात्री उशिरा येणाऱ्या पोरांना त्याची भीती घालतात. सोपारा बंदर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. हजार वर्षांपूर्वीच्या अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत 'सुबारा' म्हणून त्याचे नाव आहे. तिथे माल उतरला तसे कितीतरी शब्दही उतरले असतील.

आणि इब्लीस? तो मराठीत येऊन विशेषण झाला. 'इब्लीस कार्टं', 'इब्लीसपणा करू नकोस'. हे बोलणारे मुसलमानच असतात असे नाही. खोड्या करणारे, हाताला न लागणारे पोर म्हणजे इब्लीस. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कौतुकच असते. आमच्याही मनात कौतुकच होते.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण एका जागी दोन मिनिटे बसणार नाही. खडू पळवणे, पुढच्याच्या दप्तराला दोरी बांधणे, असले उद्योग. आम्ही एकदा हसत हसत म्हणालो, "आला आमचा इब्लीस." वर्ग हसला. मग ते नावच पडले. हजेरी घेतानाही मागून कोणीतरी म्हणायचे, इब्लीस हाजिर. आम्ही थांबवले नाही. पालकसभेला त्याची अम्मी आली, तिला आम्ही हेच सांगितले. ती म्हणाली, "सर, घरी पण सगळे तेच म्हणतात. दादी तर सकाळी उठवते ती त्याच नावाने."

रमजान आला. शाळेतली मुले जुहरला जवळच्या मशिदीत जायची. हा वर्गातच बसून राहिलेला दिसला. आम्ही विचारले, का रे, नमाजला नाही गेलास? तो खोडकरपणे बोलला नाही. मान खाली घालून म्हणाला, "सर, मी तर इब्लीस आहे ना. इब्लीसची नमाज कुठे कबूल होते?"

वाचकहो, तेव्हा आम्हांला 'ब-ल-स' धातूची ओळख नव्हती. नुसता चटका बसला. आम्ही त्याला जवळ घेतले, काहीतरी बोललो, पण नीट उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षी त्या कुटुंबाने घर बदलले आणि तो दुसऱ्या शाळेत गेला. भाच्याच्या वहीमुळे शब्दकोश उघडला आणि त्यात 'आशा तुटलेला' हा अर्थ सापडला, तेव्हा तो मुलगा पुन्हा समोर येऊन उभा राहिला. नावाचा जो अर्थ पंडितांनी सांगितला, तो त्याने कोणतेही पुस्तक न वाचता अंगावर घेतला होता. आणि ते नाव त्याला आम्ही दिले होते.

त्याला जे सांगायला हवे होते ते आम्ही आता भाच्याला सांगितले. चूक दोघांकडून झाली. इब्लीसने हुकूम मोडला, आदम-हव्वांनीही मोडला. पण इब्लीसला विचारले तेव्हा त्याने आपल्या जातकुळीचा दाखला दिला: मी आगीचा, तो मातीचा, म्हणून मी श्रेष्ठ. (आपल्या समाजात लग्न जमवताना खानदानाच्या नावाने जे काही बोलले जाते ते ऐकताना आम्हांला हे वाक्य नेहमी आठवते.) वर आपल्या वाट चुकण्याचा दोषही त्याने अल्लाहवरच टाकला. आदम-हव्वांनी कोणाकडे बोट दाखवले नाही. आम्ही आमच्याच जिवावर जुलूम केला, तू माफ केले नाहीस तर आमचे काही खरे नाही, अशा अर्थाची दुआ त्यांनी केली आणि ती कबूल झाली. खोड्या करणारे पोर आदमची अवलाद आहे. ते चुकते, रडते, माफी मागते, पुन्हा चुकते. त्याला इब्लीस म्हणणे हे मुळात चुकीचे भाषांतर आहे.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती घरोघर दिसते. काचेचा ग्लास फुटला, शैतानाने केले. अभ्यासात मन लागत नाही, शैतान. सून गप्प गप्प राहते, कोणाशी बोलत नाही, जेवत नाही, तर तिच्यावर शैतान आहे, तिला अमुक ठिकाणी न्या. अशा एका घरात आम्ही स्वतः जाऊन डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगितले होते. त्यांनी नेले, पण फार उशिरा. कुरआनात सूरह इब्राहीममध्ये कियामतच्या दिवशीचे शैतानाचे बोलणे सांगितले आहे. आपल्या मागे आलेल्यांना तो म्हणेल की माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी नुसती हाक दिली आणि तुम्ही आलात, मला दोष देऊ नका. सूरह निसामध्ये त्याची चाल कमजोर असल्याचे म्हटले आहे. ज्याला अल्लाहने एवढे दुबळे सांगितले त्याला आपण घराचा मालक करून बसवतो.

अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. प्रेषित (सल्ल.) यांच्यामागे स्वारीवर एक सहाबी बसले होते. जनावर अडखळले तेव्हा त्यांच्या तोंडून शैतानाचा सत्यानाश होवो असे निघाले. प्रेषित (सल्ल.) यांनी तसे म्हणायला मना केले. तसे म्हटले की तो फुगून घराएवढा होतो आणि म्हणतो, हे माझ्या ताकदीने झाले. बिस्मिल्लाह म्हणा, म्हणजे तो आकसून माशीएवढा होतो. भाच्याला ही हदीस इतकी आवडली की त्याने लगेच विचारले, मग माशीचे चित्र काढू का?

बाहेरच्या जगात या नावाने काय काय झाले हेही थोडक्यात पाहावे. मीनामधल्या रमीला इंग्रजी वर्तमानपत्रे 'डेव्हिलला दगड मारणे' असे लिहितात. आपले हाजीही बोलताना बडा शैतान, छोटा शैतान म्हणतात आणि भावनेच्या भरात काहीजण चपला फेकतात. अरबी नावात मात्र शैतान नाही. 'जमरात' हा शब्द खड्यांशी निगडित आहे. तिथे कोणी बांधून ठेवलेला नाही, हजरत इब्राहीम (अलै.) यांची ती आठवण आहे. १९७९ साली आयतुल्लाह खोमेनी अमेरिकेला 'मोठा शैतान' म्हणाले. इंग्रजीत ते 'ग्रेट सेटन' झाले आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा तेच शिंगांचे चित्र आले. बोलणाऱ्याच्या भाषेत शैतान म्हणजे आधी फूस लावणारा. आणि सर्वांत वाईट उदाहरण इराकमधल्या यझिदी लोकांचे. त्यांच्या मोरफरिश्त्याला इब्लीस समजून शेजाऱ्यांनी आणि युरोपीय प्रवाशांनीही त्यांना शैतानपूजक म्हटले. ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारवर दाइशच्या टोळ्या चालून गेल्या, माणसे मारली, बाया-मुलींना गुलाम केले, तेव्हा त्यांच्या हातात समर्थन म्हणून हेच एक नाव होते.

उर्दूच्या तासाला इक्बालांचा इब्लीसही कधीतरी निघतो. त्यांच्या 'जिब्रील-ओ-इब्लीस' या नज्ममध्ये तो जिब्रीलशी वाद घालतो, १९३६ च्या नज्ममध्ये तो सभा भरवतो. इंग्रजीत मिल्टनने १६६७ मध्ये असाच बोलका सेटन उभा केला. कवींना तो बोलायला लावावासा वाटतो हे खरे, आणि वाचताना मजाही येते. पण तो विषय मोठा आहे, पुन्हा केव्हातरी.

भाच्याची वही शेवटी दोन दिवस चालली. डेव्हिल खोडून त्याने इब्लीस लिहिले, इंग्रजीत पहिले अक्षर मोठे काढून. आदम-हव्वांच्या घसरण्याच्या ओळीत सेटन लिहिले. वर्गातल्या मौलानांनी विचारले तर काय सांगायचे, तेही पाठ केले. चित्र मात्र त्याला टाकून द्यायचे नव्हते, रंग छान जमले होते. मग त्याने रबराने शिंगे पुसली, काटा पुसला, शेपूट पुसली. लाल रंगाचा एक साधा माणूस उरला, छाती काढून उभा. त्याच्याकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "मामू, आता हा कोणासारखाही दिसतो."

सुट्टी संपल्यावर आमच्या बहिणीचा फोन आला. धाकट्याने दुधाचे पातेले सांडले तेव्हा तिच्या तोंडून नेहमीचा शब्द निघाला आणि मोठ्याने तिला स्वयंपाकघरातच अडवले. "अम्मी, ते विशेषनाम आहे. त्याला नको लावू."